टाकीला आतून लेप: डबा उघडण्याआधीचे काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनी मोटरसायकल ६ वर्षे उभी होती. टाकीच्या तळाशी गंज दिसतो, मागच्या खालच्या सांध्यावर पेट्रोलचा ओला डाग येतो. कार्ब्युरेटर दोनदा साफ केला, तरी पंधरवड्यात त्यातला पेट्रोलचा बारीक छिद्राचा जेट पुन्हा तुंबतो. टाकीला आतून लेप देण्याच्या द्रवाचा, म्हणजे सीलरचा, डबा आणून ठेवला आहे. तो घरी लावता येईल का आणि टिकेल का?

लावता येईल. नीट लावलेले लेप दहा-दहा वर्षे जसेच्या तसे राहिलेले मी पाहिले आहेत. सहा-सात महिन्यांत कांद्याच्या पातीसारखे सुटून आलेलेही पाहिले आहेत, आणि त्यातला पहिला माझ्याच हातचा होता. दोन्हींत सीलर बहुतेक वेळा सारखाच असतो. फरक पडतो तो सीलर ओतण्याआधीच्या तीन-चार दिवसांत. म्हणून तो डबा सध्या कपाटात राहू द्या. सीलर पत्र्याला चिकटतो. गंजाला, वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट थराला किंवा ओलाव्याला तो चिकटत नाही, त्यांच्यावर नुसता बसतो. आणि जो नुसता बसला आहे तो कधी ना कधी उठतोच.

आधी एक गोष्ट तपासून घ्या: तुमच्या टाकीला लेपाची खरोखर गरज आहे का? माझ्याकडे ‘सील करून द्या’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच टाक्यांना ती नसते. आत नुसता तांबूस थर असेल, पत्रा भक्कम असेल आणि कुठेही पाझर नसेल, तर गंज काढा, टाकी कोरडी करा, पेट्रोल भरा आणि गाडी चालवत राहा. साध्या स्वच्छ पत्र्यासारखे दुसरे अस्तर नाही. उलट लेप एकदा दिला की तो परत काढणे हे गंज काढण्याच्या पाचपट कष्टाचे काम होऊन बसते. तुमची टाकी मात्र सांध्यातून पाझरते आहे, म्हणजे पत्रा कुठेतरी आरपार खाल्ला गेला आहे. तुमच्या बाबतीत लेपाला अर्थ आहे.

तो पाझर मागेच आणि तळालाच का, हे कळले तर पुढची बरीच कामे आपोआप समजतात. टाकी अर्धी रिकामी असली की उरलेल्या जागेत हवा असते. दिवसा टाकी तापते, रात्री निवते, झाकणाच्या श्वासछिद्रातून हवा आत-बाहेर होते आणि तिच्यातली वाफ थंड पत्र्यावर थेंब होऊन जमते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते ओघळून सर्वांत खालच्या कोपऱ्यात जाऊन बसते. साइड स्टँडवर उभ्या गाडीत हा कोपरा डावीकडे मागे येतो, म्हणून बहुतेक टाक्या तिथेच आधी फुटतात. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर आणखी एक भानगड होते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि काही काळ विरघळवून धरते. १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकते, म्हणजे १५ लिटरमध्ये ७५ मिलिलिटरच्या आसपास. त्याहून जास्त झाले किंवा गारठा पडला की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी त्यांचा वेगळा थर तयार होतो. महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या तळाचा सांधा हा थर कुरतडत असतो. छपराला मात्र फक्त वाफ लागलेली असते. त्यामुळे वरून आत डोकावून ‘फारसा गंज नाही’ असा निष्कर्ष कधी काढू नका. दिसणारा भाग हा टाकीचा सर्वांत निरोगी भाग असतो.

आता टाकी उतरवण्याबद्दल. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी जास्त धोक्याची. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीने पेटते. भरल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की सहसा पेटत नाही, पण रिकाम्या टाकीत नेमके हेच प्रमाण जमून येते. वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या शेगडीपर्यंत किंवा फ्रीजच्या स्विचपर्यंत पोचते. काम उघड्यावर करा. बॅटरीची तार आधी सोडवा. पेट्रोल धातूच्या डब्यात किंवा इंधनासाठीच बनवलेल्या कॅनमध्ये काढा, धातूचे नरसाळे वापरा आणि डबा जमिनीवर टेकलेला ठेवा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी उडायला वाव राहत नाही. मोबाइल किंवा विजेचा दिवा टाकीच्या तोंडाशी नेऊन आत बघण्याची घाई करू नका. टाकी दोनदा साबणाच्या पाण्याने काठोकाठ भरून रिकामी केल्यावर मग हवे तितके बघा. व्हॅक्यूम क्लीनरने वाफ ओढून काढण्याचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नका, त्या मोटरमध्ये ठिणग्या उडत असतात. काढलेले जुने पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतायचे नाही. घट्ट डब्यात भरा आणि जुने तेल गोळा करणाऱ्यांकडे द्या.

टाकीवरचे सगळे काढा: पेट्रोल कॉक, गेजचा फ्लोट, झाकण, असल्यास आतला पंप. काढताना एक गोष्ट कागदावर लिहून ठेवा, टाकीला एकूण किती भोके आणि नळ्या आहेत. झाकणाभोवतीच्या खळग्यात पडणारे पावसाचे पाणी खाली सोडण्यासाठी बऱ्याच टाक्यांत एक बारीक नळी टाकीच्या पोटातून आरपार जाते. श्वासनळी वेगळी असू शकते. गाडीच्या सांगाड्याचा दांडा बसायला टाकीच्या खालून जी खोलगट खाच असते, तिला बोगदा म्हणतात; त्याच्या दोन्ही बाजू जोडणारी नळी असेल तर तिची दोन तोंडे. ही यादी लेप देताना हाताशी लागेल, कारण सीलरला अशी बारीक नळी बंद करायला दोन मिनिटे पुरतात आणि ती उघडायला तुम्हाला दिवस लागतो.

भोके बंद करण्यासाठी कॉकच्या आकाराची पत्र्याची चकती कापा आणि खाली रबरी गॅस्केट घालून मूळच्याच बोल्टांनी आवळा. नुसती चिकटपट्टी आम्लापुढे तासभरही टिकत नाही. झाकणाच्या तोंडाला रबरी बूच बसते. बाहेरचा रंग वाचवायचा असेल तर तोंडाभोवती मेणाचा जाड हात द्या, त्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळा आणि कडा चिकटपट्टीने बंद करा. तरीही कुठे ना कुठे थेंब झिरपतोच, तेव्हा पाण्याची बादली आणि फडके शेजारी ठेवा. रंग नवा द्यायचाच असेल तर क्रम ठरलेला: आधी आतले काम, मग बाहेरचे.

पहिली धुलाई गंजाची नसते, चिकटपणाची असते, आणि हीच पायरी लोक सर्वांत जास्त गाळतात. जुने पेट्रोल उडून गेले की मागे तपकिरी, लाखेसारखा थर उरतो. तो गंजावर झाकणासारखा बसतो आणि त्याखाली आम्ल पोचत नाही. मग माणूस म्हणतो, ‘दोन दिवस आम्ल ठेवले, गंज हलला नाही.’ थर जाड असेल तर आधी अर्धा-एक लिटर अ‍ॅसिटोन घालून टाकी सगळ्या बाजूंनी हलवा, तासभर ठेवा आणि काढा. अ‍ॅसिटोनही पेट्रोलसारखाच पेट घेतो, त्यामुळे वरचे सगळे नियम इथेही लागू. मग पोलादी टाकीसाठी गरम पाण्यात धुण्याचा सोडा, लिटरला साधारण दोन मोठे चमचे, घालून रात्रभर भरून ठेवा. टाकी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर सोडा वर्ज्य, तो अ‍ॅल्युमिनियम खातो. तिथे भांड्यांचा सौम्य द्रव साबण वापरा. धुऊन काढलेल्या पाण्यावर तेलाची रंगीत तवंग दिसेनाशी होईपर्यंत ही धुलाई चालू ठेवायची.

जाड पापुद्रे असतील तर ते घासून सोडवावे लागतात. काही जण मूठभर नट किंवा खडे टाकून टाकी हलवतात. मी बारीक कड्यांची साखळी वापरतो, एक टोक तारेने बाहेर बांधून. कारण सरळ आहे, साखळी ओढली की सगळीच्या सगळी बाहेर येते. नट टाकायचेच असतील तर मोजून टाका आणि मोजून काढा. आतल्या पट्ट्यामागे अडकलेला एक नट पुढे लेप खरवडत बसतो. टाकी जुन्या गोधडीत गुंडाळा आणि मांडीवर घेऊन हलवा. आधी गाळ साचलेला तळ, मग बाजू, शेवटी छप्पर. अर्ध्या तासाने निघालेली पूड बघितलीत की हे का करायचे ते कुणी सांगावे लागणार नाही. मात्र सांधा आधीच पातळ झालेला आहे, तिथे जोर बेताने.

गंज काढायला घरी माझा पहिला पर्याय सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व. लिटरला ५० ते १०० ग्रॅम, कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा, म्हणजे छपरालाही ते लागेल. पाणी ५० अंशांच्या आसपास असेल तर काम कितीतरी लवकर होते. १२ ते २४ तास ठेवा, मधूनमधून टाकीची बाजू बदला. झाकण हवाबंद करू नका, आम्ल आणि लोखंडाच्या क्रियेत हायड्रोजन सुटतो आणि त्याला बाहेर पडायला वाट हवी. त्याच कारणाने आसपास ज्योत नको. द्रव हिरवट-काळा झाला आणि गंज अजून शिल्लक असेल तर तोच ठेवून वाट बघू नका, ताजा भरा. फॉस्फोरिक आम्लही चांगले. ते गंज विरघळवते आणि पत्र्यावर करडा फॉस्फेटचा थर सोडते, त्याने नवा गंज थोडा लांबतो. मात्र ते नीट धुतले नाही तर पांढरट चिकट पूड मागे राहते आणि लेप तिच्यावर बसतो.

हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे फरशी धुण्याचे तिखट आम्ल, मी टाकीत घालत नाही. काम दहा मिनिटांत होते हे खरे, पण ते गंजाबरोबर चांगला पत्राही खाते, आणि तुमचा सांधा आधीच कागदाइतका पातळ आहे. शिवाय सांध्याच्या दोन पत्र्यांमध्ये शिरलेले क्लोराइड कितीही धुतले तरी पुरते निघत नाही आणि लेपाखालून पुन्हा गंज सुरू होतो. विजेने गंज काढण्याची पद्धतही उत्तम आहे, पण तिला वेगळी मांडणी लागते. त्या वाटेने गेलात तर दोन गोष्टी पाळा: टाकी ऋण टोकाला जोडा, आणि आत लोंबणारा धन टोकाचा गज साध्या लोखंडाचा घ्या. स्टेनलेसमधून निघणारे क्रोमियमचे संयुग विषारी असते.

आम्ल काढल्यावर टाकी पाण्याने धुवा, मग दोन-तीन मोठे चमचे खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने हलवून उरलेले आम्ल मारा, मग पुन्हा स्वच्छ पाणी. आता आत बघाल तर पत्रा मऊ करड्या रंगाचा दिसेल. दिवा असा धरा की प्रकाश तळाच्या कोपऱ्यावर तिरका पडेल. भोके असतील तर ती याच वेळी दिसतात, कारण आतापर्यंत गंजानेच ती बुजवून ठेवली होती. गंज काढल्यावर टाकी आधीपेक्षा जास्त गळायला लागली तर घाबरू नका. आम्लाने टाकी बिघडवली नाही, खरी अवस्था उघड केली.

भोकांचे माप घ्या. बोथट टोचा घेऊन सांध्यावर बाहेरून जरा दाबून बघा. टाचणीच्या टोकाएवढी दोन-चार छिद्रे असतील आणि भोवतालचा पत्रा दबत नसेल, तर बाहेरून पत्रा उघडा घासून पेट्रोलला टिकणारी इपॉक्सी पुट्टी लावा आणि आतून लेप द्या. छिद्र १ मिलिमीटरच्या पुढे गेले, तर नुसत्या लेपाच्या भरवशावर राहू नका. लेप हे अस्तर आहे, पत्र्याची जागा ते घेऊ शकत नाही. गाडीच्या थरथरीने तो भाग सतत वाकत असतो आणि खाली आधार नसलेला लेप तडकतो. तिथे पत्र्याचे ठिगळ सोल्डर किंवा ब्रेझिंग करून बसवायला हवे. ते काम मात्र घरी करायचे नाही. दहा वेळा धुतलेल्या टाकीच्या सांध्यातही पेट्रोल दडलेले असते आणि ज्योत लागली की त्याची वाफ होते. टाकी निर्धोक करून घेण्याची सोय ज्याच्याकडे आहे अशा कारागिराकडे ती द्या आणि पूर्वी तिच्यात पेट्रोल होते हे त्याला तोंडाने सांगा. टोचा पत्र्यातून सहज आत जात असेल, तर लेपाचा विचार सोडा आणि दुसरी टाकी शोधा.

पाझर तपासायला टाकी पाण्याने भरून कोरड्या कागदावर रात्रभर ठेवणे पुरते. हवा भरून साबणाच्या फेसाने तपासायची असेल तर हातपंपाने अगदी हलका दाब द्या. कॉम्प्रेसरची नळी लावायची नाही. टाकीची एक बाजू ३० बाय ३० सेंटिमीटर धरली तर १ बार दाबाला त्या बाजूवर सुमारे ९०० किलोचा भार येतो. टाकी डोळ्यांदेखत फुगते आणि ती परत बसत नाही.

आता वाळवणे. मी सुरुवातीला ज्या फसलेल्या लेपाबद्दल बोललो तो इथे फसला होता. टाकी उन्हात तीन तास ठेवली होती, हात घातला तर आत कोरडी ठणठणीत. लेप सुंदर बसला, काचेसारखा. सात महिन्यांनी चढावर इंजिन बंद पडले. कॉक काढला तर चाळणीवर तळहाताएवढा पापुद्रा आडवा बसलेला. पापुद्रा उलटा करून पाहिला, त्याच्या पाठीवर गंजाची तांबडी रेघ होती, नेमकी सांध्याच्या लांबीची. पाणी सांध्याच्या दोन पत्र्यांच्या फटीत राहिले होते. तिथे ना हात पोचतो ना ऊन.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. शेवटचे पाणी काढल्याबरोबर, वाट न बघता, पाव लिटर अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून टाकी सगळ्या बाजूंनी हलवायची, काढायचे आणि ताजे घालून पुन्हा तेच. हे द्रव पाण्यात मिसळतात आणि फटीतले पाणी ओढून आणतात. उशीर केला तर ओल्या स्वच्छ पत्र्यावर अर्ध्या तासात पिवळसर गंज पुन्हा चढतो. मात्र अ‍ॅसिटोनचा एक गुण ध्यानात ठेवा: उडताना तो पत्रा गार करतो आणि हवा दमट असेल तर त्या गार पत्र्यावर पुन्हा दव जमते. म्हणून तो उघड्यावर पूर्ण उडून गेला, वास गेला, की लगेच गरम हवा सुरू करायची. केस वाळवण्याचे यंत्र चालते, पण ते टाकीच्या तोंडात खुपसायचे नाही. ते लांब ठेवून नळीने हवा आत सोडा आणि कॉकचे भोक उघडे ठेवा, म्हणजे हवा आरपार वाहील. दोन-तीन तास, टाकीची बाजू बदलत. खात्री करायची असेल तर टाकी कोमट असतानाच तिची सगळी भोके बंद करा आणि मुख्य तोंडावर गार काच झाका. दहा मिनिटांत काचेवर धुके आले तर आत पाणी आहे. काच स्वच्छ राहिली की मगच पुढे. लेप द्यायला कोरड्या हवेचा दिवस निवडा. झडीच्या पावसात हे काम मी हातात घेतच नाही.

सीलर कोणता? ढोबळमानाने दोन कुळे चांगली आहेत. एक दोन भागांचा इपॉक्सी, रेझिन आणि हार्डनर मिसळायचा. पाझरणाऱ्या टाकीला मी हाच घेतो. त्याचा थर जाड बसतो आणि तो बारीक छिद्रे भरून काढतो. त्यातही फेनॉलिक नोव्होलॅक जातीचा इपॉक्सी इथेनॉलला चांगला तोंड देतो. दुसरा एका डब्यातला, हवेतल्या ओलाव्याने घट्ट होणारा युरेथेन. तो पातळ पसरतो, चिवट असतो, पण पत्र्यावर पाण्याचा थेंब राहिला तर तिथे फेसाळतो आणि बुडबुडे उठतात. पूर्वी मिळणारे पांढरे, मऊ, सॉल्व्हंट उडून वाळणारे सीलर इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये नरम पडतात, ते घेऊ नका. तुमच्या डब्यावर इथेनॉलला टिकण्याचा स्पष्ट उल्लेख आहे का, ते आत्ताच वाचा. फायबरग्लासच्या टाकीची गोष्ट वेगळी, तिथे इथेनॉल टाकीच्या रेझिनलाच मऊ करते, तिच्यासाठी वेगळा सीलर लागतो.

युरेथेनमधील आयसोसायनेट श्वासाला वाईट आणि इपॉक्सीच्या हार्डनरने कातडीला कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. कापडी मास्क इथे निरुपयोगी, सेंद्रिय वाफेसाठीचा फिल्टर असलेला मुखवटा लावा. इपॉक्सी हाताळताना नायट्राइलचे हातमोजे ठीक, पण अ‍ॅसिटोन त्यांतून लवकर पाझरतो. त्या कामाला ब्यूटाइल रबराचे घ्या.

लेप देण्याआधी कॉकच्या आणि फ्लोटच्या बोल्टांच्या आट्यांत ग्रीस भरा. यादीतल्या बारीक नळ्यांत ग्रीस लावलेली जाड तार घालून ठेवा. आणि एक काम, ज्याला दोन मिनिटे लागतात आणि जे कुणी करत नाही: पोलादी पत्र्याचा बोटाएवढा तुकडा टाकीबरोबरच आम्लात बुडवा, धुवा, वाळवा आणि त्यालाही त्याच मिश्रणाचा लेप द्या. टाकीत काय झाले ते नंतर हा तुकडा सांगतो.

हार्डनरचे प्रमाण उत्पादकाने सांगितले असेल तसेच घ्यायचे, वजनाने म्हटले असेल तर काट्यावर. ‘लवकर वाळावा’ म्हणून हार्डनर जास्त घालणे ही इपॉक्सीतली सर्वांत महाग चूक, त्याने लेप ठिसूळ किंवा कायमचा चिकट राहतो. तीन-चार मिनिटे भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत सावकाश ढवळा आणि लगेच टाकीत ओता. इपॉक्सी भांड्यात गोळा होऊन राहिला की स्वतःच्या उष्णतेने तापतो आणि दहा-पंधरा मिनिटांत आवळून येतो, पातळ पसरला की त्याला भरपूर वेळ मिळतो. टाकी आणि सीलर दोन्ही २० ते ३० अंशांत असावेत. गार सीलर मधासारखा हलतो आणि कोपऱ्यात पोचत नाही.

आता टाकी फिरवणे. हलवायची नाही, फिरवायची, सावकाश. हलवली तर फेस होतो आणि बुडबुडे थरात अडकतात. तळापासून सुरुवात करा आणि पाझरणारा सांधा खाली धरून तिथे दोन मिनिटे पूर्ण द्या. मग एक बाजू, छप्पर, दुसरी बाजू, पुढचे टोक, मागचे टोक. टाकी बोगद्यावर घोड्याच्या खोगिरासारखी बसते, त्यामुळे तळाशी दोन वेगळे कप्पे होतात. सीलर मधल्या उंचवट्यावरून दोन्हीकडे मुद्दाम न्यावा लागतो. एका फेरीवर थांबू नका. वीसेक मिनिटे, सीलर जड वाटायला लागेपर्यंत, फेऱ्या चालू ठेवा.

मग निथळवणे, आणि यात कंजुषी नको. जास्त सीलर म्हणजे जास्त मजबूत, हा समज चुकीचा. जिथे डबके राहते तिथे सॉल्व्हंट आत कोंडतो, वरचा पापुद्रा वाळतो, आतला भाग मऊ राहतो आणि पुढे तिथूनच तडा जातो. कॉकचे भोक सर्वांत खाली येईल असे धरून निथळू द्या, मग दुसरा कप्पाही रिकामा करा. टाकी पालथी केली की झाकणाच्या तोंडाची आत गेलेली कड एक वाटी बनते. तिच्यातला सीलर तोंडातून बाहेर येत नाही, कारण कड त्याला अडवते. तो सिरिंजला नळी लावून ओढा किंवा फ्लोटच्या भोकातून बाहेर काढा. नंतरचा तासभर दर दहा मिनिटांनी टाकीची बाजू बदलत राहा.

लेप आवळला पण अजून नखाला जरा दबतो, अशा वेळी चकत्या, बुचे आणि तारा काढून घ्या. पूर्ण घट्ट झाल्यावर काढाल तर कडेचा लेप बरोबर ओढला जाईल, आणि लेपाला सुटायला कडच हवी असते. कडा धारदार पात्याने साफ करा, आट्यांत टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) हाताने फिरवा आणि प्रत्येक नळीतून तोंडाने फुंकर घालून ती मोकळी आहे ना ते पाहा. श्वासनळी बंद राहिली तर टाकीत पोकळी तयार होऊन चालत्या गाडीचे पेट्रोल थांबेल.

पेट्रोल कधी भरायचे? डब्यावर २४ तास लिहिले असले तरी मी आठवडा देतो, गारठा असेल तर दहा दिवस. टाकी बंद ठेवू नका. भोके उघडी ठेवा, म्हणजे सॉल्व्हंट बाहेर जाईल. नाक आत नेल्यावर तिखट वास येत असेल तर अजून थांबा. मग तो पत्र्याचा तुकडा पेट्रोलच्या छोट्या बाटलीत बुडवून झाकण लावा, बाटली बाहेर सावलीत ठेवा. तीन दिवसांनी काढून नखाने ओरखडा. लेप घट्ट असेल आणि पेट्रोलचा रंग बदलला नसेल तर टाकी भरा. तुकडा नरम लागला तर टाकीला आणखी दिवस द्या आणि तुकडा पुन्हा बुडवा.

गाडीला टाकी चढवताना कॉकची चाळणी आणि पेट्रोलची नळी नवी घाला, जुन्या नळीत आधीचा गंज बसलेला असतो. कार्ब्युरेटरही याच वेळी पुन्हा एकदा उघडा. पहिले काही आठवडे पारदर्शक फिल्टर लावा. पहिल्या टाकीभर पेट्रोलात थोडे कण दिसतील, ते आट्यांचे आणि कडांचे. तिसऱ्या टाकीनंतरही पापुद्रे येत राहिले तर लेप सुटतो आहे असे समजा आणि गाडी थांबवा. त्यावर दुसरा थर देण्याचा मोह टाळा. जुना लेप पूर्ण काढूनच नवा देता येतो, आणि त्याला एमईके (मिथाइल इथाइल कीटोन, एक तीव्र सॉल्व्हंट) किंवा रंग काढण्याचे द्रव, दोन-तीन वेळा भिजवणे आणि साखळी एवढे सगळे पुन्हा लागते.

एका महिन्याने सकाळी, टाकी अर्धी असताना, मागच्या डाव्या सांध्यावर पांढरा टिश्यू कागद दाबून ठेवा आणि संध्याकाळी काढा. कागदावर डाग नसला की झाले. गाडी पुन्हा काही महिने उभी ठेवायची असेल तेव्हा टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे दव जमायला आत जागाच उरत नाही.